पडद्यावरील वादक ओळखावा कसा

१९५० ते १९७० या दोन दशकांत मुंबईत निर्माण झालेल्या हिंदी चित्रपटांमध्ये नाइटक्लबचा प्रसंग आला, की नर्तिकेच्या मागे, अर्धवट प्रकाशात, एकसारखे कोट घालून बसलेले पाच-सात वादक आपल्याला क्षणमात्र दिसतात, आणि कॅमेऱ्याचा रोख बदलताच ते दृष्टीआड होतात. त्यांपैकी काही जण निव्वळ जागा भरण्यासाठी बसविलेले असतात हे खरे. परंतु काही जण त्याच सुमारास अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेलात, त्याच्या शेजारच्या ग्रीन्समध्ये, अथवा चर्चगेट स्ट्रीटवरील उपाहारगृहांत रात्रीमागून रात्री वाजविणारे, आपल्या वाद्यावर पूर्ण प्रभुत्व असलेले कलावंत होते. आणि ज्या चित्रपटांनी त्यांचे चेहरे व हात कायमचे जतन करून ठेवले, त्याच चित्रपटांच्या श्रेयनामावलीत त्यांच्या नावांना बहुधा जागा मिळालेली नाही. ही नावे परत मिळविता येतात. त्यासाठी फार मोठ्या साधनसामग्रीची गरज नाही. चित्रपटाची बरी प्रत, वाद्यांचे जुजबी ज्ञान, पुराव्याविषयीची चाड आणि पुष्कळसा संयम एवढे भांडवल असले म्हणजे पुरते. ज्या वाचकांना हे काम मनापासून करावेसे वाटते, त्यांच्यासाठी या पुढील सूचना आहेत.

प्रथम एक गोष्ट मनाशी पक्की केली पाहिजे. पडद्यावर दिसणारा वादक आणि कानांवर पडणारा वादक या दोन निरनिराळ्या व्यक्ती असू शकतात, आणि बहुतेक वेळा असतातच. १९३५ च्या ‘धूपछाँव’पासून पार्श्वगायनाची पद्धत हिंदी चित्रपटांत रुजली, आणि तेव्हापासून गाणे आधी ध्वनिमुद्रित करून घ्यावयाचे, ताडदेवच्या फेमसमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत मोठा वाद्यमेळ जमवून त्याचे काम संपवावयाचे, आणि मग काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनी, ते मुद्रित गाणे सेटवर कर्ण्यातून वाजवून त्यावर चित्रण करावयाचे, असा शिरस्ता पडला. ‘सोलवा साल’मध्ये (१९५८) आगगाडीतल्या गाण्यात जो माउथ ऑर्गन ऐकू येतो तो राहुल देव बर्मन यांचा आहे, पडद्यावर मात्र तो दुसऱ्याच्याच ओठांशी आहे. ‘नागिन’मधील (१९५४) पुंगी तर पुंगीच नव्हे, कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवरच्या वाद्यातून तो स्वर काढला होता. तेव्हा कोणत्याही दृश्यासमोर बसताना ‘हा कोण दिसतो?’ आणि ‘हे कोण वाजवितो?’ हे दोन प्रश्न निरनिराळ्या पानांवर लिहावेत, त्यांचे पुरावे निरनिराळे जमवावेत, आणि एकाचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्याचेही मिळाले असे कदापि समजू नये. या क्षेत्रात आजवर जो गोंधळ माजला आहे, त्याचा मोठा भाग या दोन प्रश्नांची सरमिसळ केल्यामुळेच माजला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र जेव्हा दिसणारा आणि ऐकू येणारा हे दोघे एकच असतात, तेव्हा त्या दृश्याचे मोल शतगुणित होते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे भगवानदादांचा ‘अलबेला’ (१९५१). या चित्रपटाचे संगीत सी. रामचंद्र यांचे; आणि त्यांचे साहाय्यक होते चिक चॉकलेट. हे नाव व्यासपीठावरचे. मूळ नाव अंतोनियो शाव्हियेर वाझ; जन्म १९१६ सालचा, गोव्यातील बार्देश महालातल्या हळदोणे गावचा; वाद्य ट्रंपेट; आणि लौकिक ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ असा. ‘अलबेला’तील ‘दीवाना परवाना’ या नृत्यगीतात भगवान आणि गीता बाली यांच्याबरोबर चिक चॉकलेट आणि त्यांचा वाद्यवृंद प्रत्यक्ष पडद्यावर आहे, आणि तोही लॅटिन अमेरिकन धर्तीच्या झालरींचा पोशाख चढवून. ज्यांनी हे गाणे आजवर केवळ भगवानदादांच्या पदन्यासासाठी पाहिले असेल, त्यांनी ते एकदा त्या झालरीच्या बाह्यांवर दृष्टी खिळवून पाहावे. नर्तक-नर्तिकेकडे पाहण्याची सवय इतकी अंगवळणी पडलेली असते, की मागच्या माणसांकडे पाहण्यासाठी डोळ्यांना नव्याने वळण लावावे लागते; आणि ते लागले, की तोच परिचित प्रसंग सर्वस्वी निराळा दिसू लागतो.

आता याच व्यक्तीचे दुसरे दर्शन घ्यावे. चेतन आनंद यांच्या ‘आखरी खत’मध्ये (१९६६), जो राजेश खन्ना यांचा पहिला चित्रपट म्हणून सांगितला जातो, खय्याम यांनी स्वरबद्ध केलेले एक क्लबगीत आहे. ते भूपिंदर सिंग यांनी गायिले आहे आणि पडद्यावर गाणारेही तेच आहेत. आणि त्या दृश्यात कॅमेरा ज्या ट्रंपेटवादकाच्या अगदी जवळ जातो, ते चिक चॉकलेट होत. ‘अलबेला’तील पस्तिशीचा तरतरीत पुरुष आणि हा पन्नाशीला टेकलेला वादक यांच्यामध्ये पंधरा वर्षांचे अंतर आहे, पुढच्याच वर्षी, १९६७ साली, त्यांचा मृत्यू झाला. ज्याला चेहरा ओळखण्याचा अभ्यास करावयाचा आहे, त्याने या दोन चित्रपटांतील स्थिरचित्रे शेजारीशेजारी ठेवून आरंभ करावा. केस विरळ होतात, गाल भरतात, मिशी येते आणि जाते. पण कानाच्या पाळीची घडण, भुवईची कमान, कपाळ आणि नाक यांचा परस्परांशी असलेला कोन, आणि विशेषतः वाद्य ओठांना लावताना मान ज्या बाजूला किंचित कलते तो कल, या गोष्टी सहसा पालटत नाहीत. ट्रंपेट वाजविणाऱ्याच्या बाबतीत तर मुखनळी ओठांच्या नेमक्या कोणत्या भागावर टेकते, अगदी मध्यावर की जराशी डावी-उजवीकडे, हे त्याच्या दंतरचनेवर अवलंबून असते, आणि ते बहुधा आयुष्यभर तसेच राहते. माझ्या अनुभवाने, चेहऱ्यापेक्षा ही खूण अधिक विश्वसनीय आहे.

हे सर्व पाहावयाचे तर प्रत चांगली हवी, आणि येथे पुष्कळांची पहिल्याच पायरीवर फसगत होते. १९५१ चा चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित झालेला आहे. आजच्या रुंद पडद्यावर तो भरून दिसावा म्हणून काही प्रतींत त्याची वरची आणि खालची पट्टी छाटून टाकलेली असते. आणि वादकांचे हात, ड्रमच्या तोंडावरील अक्षरे, बूट, वाद्यांच्या पेट्या ही सगळी नेमकी खालच्या पट्टीत असतात. म्हणून दोन्ही बाजूंना काळी जागा सोडलेली, पूर्ण चौकटीची प्रत मिळाल्याशिवाय कामाला लागू नये. दुसरी खबरदारी लांबीची. आपल्याकडील चित्रपटाच्या आरंभी जे परीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र दिसते, त्यावर रिळांची संख्या आणि लांबी नोंदलेली असते. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट या वेगाने धावते. तेव्हा १३,००० फुटांचा चित्रपट सुमारे १४४ मिनिटे चालला पाहिजे. हातातली प्रत त्यापेक्षा बरीच तोकडी असेल, तर एखादे गाणे किंवा गाण्याचे एखादे कडवे गळाले असण्याचा संभव धरावा. मात्र येथे आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा. चित्रपट सेकंदाला २४ चित्रे या गतीने चित्रित होतो, आणि आपल्याकडील दूरचित्रवाणीची जुनी पद्धत २५ चित्रांची. त्यामुळे त्या पद्धतीने उतरविलेली प्रत शेकडा चार इतकी जलद धावते आणि तिचा स्वरही अर्ध्या पडद्याहून काहीसा अधिक चढतो. मूळ ध्वनिमुद्रिकेशी स्वर जुळवून पाहणाऱ्याने हे अंतर आधी वजा करावे, अन्यथा ध्वनिमुद्रिकेवरील आणि चित्रपटातील वादन निराळे आहे असा चुकीचा निष्कर्ष त्याच्या पदरी पडेल.

प्रत हाती आली, की सर्वांत आधी चित्रातील अक्षरे वाचावीत. वादकवृंदाचा नायक आपल्या नावाची जाहिरात ज्या जागी करतो ती जागा म्हणजे पायाने वाजविण्याच्या मोठ्या ड्रमचे तोंड, आणि त्याच्या खालोखाल वादकांसमोर ठेवलेल्या स्वरलिपीच्या घोड्यांच्या पाट्या. राजा नवाथे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘गुमनाम’मधील (१९६५) ‘जान पहचान हो’ हे गाणे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मुखवटे लावून वेगवान नृत्य करणारा तो समुदाय, सोनेरी वेषातील लक्ष्मी छाया, आणि व्यासपीठावरील वाद्यवृंद. आणि त्या वृंदाच्या ड्रमवरच ‘टेड लायन्स अँड हिज कब्ज’ हे नाव रंगविलेले. मुंबईतला हा खराखुरा तरुण वाद्यवृंद होता, आणि त्याची ओळख कोणा जाणकाराच्या आठवणीतून नव्हे, खुद्द चित्रातूनच पटते. याच गाण्याने पुढे २००१ साली ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकन चित्रपटाच्या प्रारंभी स्थान मिळविले आणि जगभरच्या लोकांनी हे वादक कोण म्हणून चौकशी आरंभिली. पण याच दृश्यात सावधपणाचाही धडा आहे. मुखवटा लावून जो गातो आहे तो हर्मन बेंजामिन, नृत्याची रचनाही त्याचीच. आणि कंठ महंमद रफींचा. शिवाय संगीत शंकर-जयकिशन यांचे आणि ध्वनिमुद्रणाला त्यांचा नेहमीचा मोठा वाद्यमेळ. म्हणजे ड्रमवरील नावामुळे दिसणाऱ्यांची ओळख पक्की झाली, परंतु ऐकू येणाऱ्या गिटारीचा प्रत्येक स्वर त्याच मंडळींच्या खाती मांडण्याचा अधिकार त्या नावाने आपल्याला दिलेला नाही.

अक्षरे नसतील तेव्हा हात वाचावेत. हाच या कामाचा गाभा आहे, आणि यात जितका वेळ घालवावा तितका थोडा. आवाज पूर्ण बंद करून दृश्य निम्म्या गतीने पाहावे. नंतर चित्राकडे पाठ करून केवळ ऐकावे. आणि तिसऱ्या खेपेस दोन्ही एकत्र घ्यावे. ट्रंपेटला तीन कळा असतात. न वाजविणारा माणूस त्या तिन्ही कळांवर पेटी वाजविल्याप्रमाणे बोटे नाचवितो, कारण सूर बदलला की बोटही हललेच पाहिजे असा त्याचा समज असतो. वस्तुतः ट्रंपेटवर एकही कळ न दाबता, केवळ ओठांच्या ताणाने, अनेक सूर निघतात. आणि म्हणून चढती शिंगासारखी ललकारी चालू असता बोटे अगदी स्थिर दिसली, तर तो अनाडी आहे असे न मानता उलट जाणता आहे असा संशय घ्यावा. श्वास पाहावा: खरा वादक वाक्यांशाच्या आधी श्वास घेतो, आणि त्याची बरगडी फुगते, खांदे नव्हेत. नळीच्या तोंडात दट्ट्या, म्हणजे म्यूट, खोवलेला आहे की नाही तेही पाहावे; पडद्यावर दट्ट्या आहे आणि कानांवर मात्र उघडा, खणखणीत स्वर येतो आहे, अशी विसंगती आढळली तर ते चित्रण त्या ध्वनिमुद्रणाशी परिचित नसलेल्या माणसांचे आहे असे समजावे.

सॅक्सोफोन गळ्यातील पट्ट्याला अडकविलेला असतो आणि डावा हात नेहमी वर, उजवा खाली. अकॉर्डियनच्या बाबतीत बहुतेक प्रेक्षक उजव्या हाताकडे पाहतात. पण नकली वादक उघडा पडतो तो डाव्या हातात, कारण भात्याची दिशा बदलण्याचा क्षण संगीताच्या वाक्याशी जुळवून आणणे हे दीर्घ सवयीशिवाय साधत नाही. व्हायोलिन वाजविणारे चौघे असतील तर त्यांच्या गजांची दिशा एकच आहे का, हे पाहिले म्हणजे पुरे. ड्रमवादकाचे हात कोणालाही फिरविता येतील, त्याचा डावा पाय पाहावा. झांजांची जोडी मिटणारा तो पाय तालाच्या नेमक्या मात्रांवर पडत असेल, तर हा गडी धंद्यातला आहे. विजेची गिटार घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या गिटारीला तारच जोडलेली नसणे हा तर नित्याचा प्रकार. पण तेवढ्यावरून त्याला नट ठरवू नये, कारण चित्रणाच्या वेळी ध्वनी हवाच नसतो, तेव्हा खरा वादकही ती जोडण्याच्या खटपटीत पडत नाही.

याच्या उलट बाजूचाही विचार केला पाहिजे. हात उत्तम चालले म्हणून माणूस व्यवसायाने वादकच असेल असे नाही. ‘तीसरी मंझिल’मध्ये (१९६६) ड्रमवादक रॉकी म्हणून खुद्द शम्मी कपूर आहेत, आणि त्याच्या मित्राच्या भूमिकेत पुढे पटकथालेखक म्हणून ख्यातनाम झालेले सलीम खान आहेत. चित्रपटाच्या कथेतच जो वादकवृंद पात्र म्हणून येतो, ज्यांना संवाद असतात, ती माणसे बहुधा नट असतात. जो वृंद केवळ गाण्यापुरता येतो, एक शब्दही बोलत नाही, आणि तरीही ज्याची बसण्याची मांडणी खऱ्या वाद्यवृंदाप्रमाणे शिस्तशीर असते, तेथे शोध घेण्यात अर्थ आहे.

चित्र उलटे तर छापलेले नाही ना, ही तपासणीही सुरुवातीसच उरकून घ्यावी. संकलनाच्या सोयीसाठी किंवा नजरचुकीने एखादा तुकडा कधीकधी आरशातल्याप्रमाणे डाव्याचा उजवा होऊन येतो. ट्रंपेटच्या कळा उजव्या हाताने दाबल्या जातात. त्या डाव्या हाताने दाबलेल्या दिसल्या, कोटाची गुंडी उजव्या पदराऐवजी डाव्या पदरावर दिसली, अथवा मोठ्या पियानोचे झाकण वादकाच्या उजव्या बाजूऐवजी डाव्या बाजूला उघडलेले दिसले, तर हा वादक डावखुरा असावा असे अनुमान काढण्यापूर्वी चित्र उलटून पाहावे. छापील छायाचित्रांतही हा दोष आढळतो, आणि भांगाच्या बाजूवरून व्यक्ती ओळखणाऱ्याची त्यामुळे पुरती दिशाभूल होते.

सेटवरून मात्र फारसा बोध होत नाही, आणि त्यासाठी वेळ दवडू नये. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईतील हॉटेलांच्या नृत्यगृहांना ओहोटी लागली. आणि नेमक्या त्याच काळात पडद्यावरचे क्लब अधिकाधिक झगझगीत होत गेले. ते क्लब कलादिग्दर्शकाच्या कल्पनेतले होते. त्यांतील खांब आणि जिने पाहून ‘हे अमुक हॉटेल’ असे ठरविणे म्हणजे रंगभूमीवरचा राजवाडा पाहून राजाचा पत्ता शोधण्यासारखे आहे. मात्र या कायद्याचा एक परिणाम आपल्या विषयाशी निकटचा आहे: हॉटेलांतील मिळकत आटल्यामुळे अनेक गोमंतकीय, पारशी आणि अँग्लो-इंडियन वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांकडे वळले, आणि ज्यांची स्वरलिपी वाचण्याची तयारी गोव्याच्या पॅरिश शाळांत लहानपणीच झाली होती, त्यांना तेथे तत्काळ काम मिळाले. म्हणून १९५० नंतरच्या चित्रपटांत शोध घेणाऱ्याने १९४० च्या दशकातील हॉटेलांच्या वाद्यवृंदांची यादी अवश्य जवळ ठेवावी. ताजमध्ये १९३९ पासून वीसेक वर्षे वाद्यवृंद चालविणारे मिकी कोरिया, नृत्यसंगीताचे केन मॅक, सॅक्सोफोनचे रूडी कॉटन, ट्रंपेटचे फ्रँक फर्नांड ही नावे आणि त्यांच्या साथीदारांची नावे त्या यादीत आरंभापासून असावीत.

नावांच्या बाबतीत एक विशेष काळजी घ्यावी लागते. या मंडळींपैकी पुष्कळांना दोन-तीन नावे असत: बाप्तिस्म्याच्या नोंदीतले पोर्तुगीज वळणाचे नाव, व्यासपीठावरचे इंग्रजी टोपणनाव, आणि चित्रपटाच्या पाटीवरचे तुटक नाव. अंतोनियो शाव्हियेर वाझ यांचे चिक चॉकलेट कसे झाले ते वर आलेच. रूडी कॉटन हे नाव धारण करणारे गृहस्थ तर पारशी, त्यांचे मूळ नाव कावसजी खटाव. शंकर-जयकिशन यांच्या चित्रपटांत साहाय्यक म्हणून दत्ताराम यांच्या जोडीला जे ‘सेबॅस्टियन’ दिसतात, ते सेबॅस्टियन डिसोझा; फाळणीपूर्वी ते लाहोरच्या हॉटेलात वाद्यवृंद चालवीत असत. एकाच माणसाचे तीन माणसांत रूपांतर होणे, अथवा एकाच आडनावाच्या तीन माणसांचे एकात, हे दोन्ही अपघात टाळावयाचे तर प्रत्येक व्यक्तीचा एक स्वतंत्र कागद करून तिची सर्व नावे, गाव, वाद्य, आणि ज्या वर्षी ज्या ठिकाणी ती वाजवीत होती त्याचा दाखला असा तपशील त्यावर टिपावा. सार्वजनिक स्मृतीचा याबाबतीत कसा भरवसा नसतो, याचे एक उदाहरण सर्वांना माहीत आहे, पण ते उदाहरण आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मुळे अँथनी गोन्साल्विस हे नाव देशातल्या प्रत्येक पोराच्या तोंडी झाले, परंतु ते माजोर्डा गावच्या एका खऱ्या व्हायोलिनवादकाचे आणि वाद्यवृंद-रचनाकाराचे नाव आहे, आणि त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूच्या आदरार्थ ते गाण्यात आणविले, हे त्या गाण्यावर नाचणाऱ्या लाखो लोकांच्या कानांवर कधी गेले नाही.

आता कागदपत्रांविषयी. पुण्यास विधी महाविद्यालय रस्त्यावर जे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तेथे चित्रपटांच्या प्रतींखेरीज स्थिरचित्रे, भित्तिपत्रके आणि गाण्यांच्या पुस्तिका जतन केलेल्या आहेत. ही चार-आठ पानी पुस्तिका चित्रपटगृहाबाहेर अल्प किमतीत विकली जाई. तिच्यात गीतांबरोबर कधीकधी नर्तक-वादकांचा उल्लेख सापडतो. स्थिरचित्रांचे महत्त्व तर विशेष आहे, कारण ती सेटवर निराळ्या छायाचित्रकाराने टिपलेली असतात आणि चित्रपटात धूसर दिसणारी मागची रांग त्यांत पुष्कळदा स्वच्छ आलेली असते. त्या काळच्या इंग्रजी दैनिकांतील हॉटेलांच्या जाहिराती वाचाव्यात. त्यांत वाद्यवृंदाचे नाव, हंगाम आणि कधी छायाचित्रही असते. हिवाळ्यात मुंबई आणि उन्हाळ्यात मसुरीसारखे थंड हवेचे ठिकाण, असा या मंडळींचा वर्षक्रम असे. त्यामुळे एखादा वादक मे महिन्यात मुंबईच्या सेटवर असणे शक्य होते की नाही, याचाही अंदाज या जाहिरातींवरून बांधता येतो. ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांवरील मजकूर तपासावा; चिक चॉकलेट यांनी स्वतःच्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रिका काढल्या होत्या, आणि अशा ध्वनिमुद्रिकेवर त्या माणसाचा स्वर निर्विवादपणे त्याचाच असल्यामुळे चित्रपटातील वादनाशी तो ताडून पाहण्यास ती उत्तम कसोटी ठरते. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गोव्यातील जुनी वृत्तपत्रे आहेत. गावच्या कलावंताचा मृत्युलेख तेथे शोधावा.

पुस्तकांपैकी तीन तरी पाहिल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. नरेश फर्नांडिस यांचा ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हा २०१२ चा ग्रंथ मुंबईच्या जॅझयुगाचा इतिहास आहे, ग्रेगरी बूथ यांच्या २००८ च्या ‘बिहाइंड द कर्टन’मध्ये चित्रपटांच्या वादकांच्या मुलाखतींवरून त्यांच्या व्यवसायाची घडण मांडली आहे, आणि मराठी वाचकाच्या हाताशी सी. रामचंद्र यांचे ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र आहे, ज्यातून त्या काळच्या ध्वनिमुद्रणाचे वातावरण कळते.

यानंतर माणसांकडे जावे, त्यापूर्वी नव्हे. वादकांची मुले-नातवंडे आज मुंबई-गोव्याप्रमाणेच लिस्बन, लंडन, टोरंटो अशा ठिकाणी विखुरलेली आहेत, आणि बहुतेक घरांत एखादी छायाचित्रांची वही असतेच. अशा भेटीत विचारण्याची रीत फार महत्त्वाची. ‘हे तुमचे आजोबा का हो?’ असे विचारून चित्र पुढे करू नये. मायेच्या माणसाला होकार देण्याचा मोह अनावर होतो. निरनिराळ्या चित्रपटांतील सात-आठ स्थिरचित्रे, कोणतेही नाव न सांगता, पुढे ठेवावीत आणि यांत कोणी ओळखीचे दिसते का, एवढेच विचारावे. दोन नातलगांना एकत्र न बसविता स्वतंत्रपणे दाखवावीत. मग वाद्य, बसण्याची जागा, अंगठी, चष्मा, डावखुरेपणा यांविषयी विचारावे, आणि जे सांगितले जाईल ते त्यांच्याच शब्दांत, तारखेसह, लिहून घ्यावे. ‘बाबांनी त्या गाण्यात वाजविले’ असे कोणी सांगितले, तर त्याचा अर्थ ध्वनिमुद्रणात की पडद्यावर, याचा खुलासा अगत्याने करून घ्यावा. सांगणाऱ्याच्या मनात तो भेद बहुधा नसतो, आणि तो नसल्याबद्दल त्याला दोष देण्याचेही कारण नाही. घरचे जुने छायाचित्र मिळाले तर ते परवानगीशिवाय हलवू नये. जागच्या जागी प्रत घ्यावी आणि मागच्या बाजूचीही घ्यावी, कारण छायाचित्रकाराचा शिक्का, साल आणि पेन्सिलीने लिहिलेली नावे तेथेच असतात.

मिळालेल्या निष्कर्षाची नोंद करताना त्याच्या बळाचा दर्जा स्पष्ट लिहावा. चित्रातील अक्षरे, समकालीन छापील उल्लेख, अथवा परस्परांशी संबंध नसलेल्या दोन साक्षी यांचा आधार असेल तर ‘निश्चित’; चेहरा आणि वादनाची ढब जुळते, पण कागद नाही, तर ‘संभाव्य’; आणि केवळ एका घरची आठवण असेल तर ‘सांगण्यावरून’. नोंदीत चित्रपटाचे नाव, वर्ष, प्रतीचे वर्णन, दृश्याची मिनिटे-सेकंद, आणि चौकटीत त्या व्यक्तीची जागा, म्हणजे ‘मागील रांग, डावीकडून तिसरा, ट्रंपेट’ अशा शब्दांत, असावी. म्हणजे दुसऱ्या कोणालाही ती स्वतंत्रपणे तपासता येईल. ‘अलबेला’च्या बाबतीत एक जास्तीची दक्षता घ्यावी: भगवानदादांच्या जीवनावरील ‘एक अलबेला’ (२०१६) या मराठी चित्रपटात जुन्या गाण्यांचे प्रसंग नव्याने उभे केले आहेत, आणि त्यांतील सुटी चित्रे मूळ चित्रपटाची म्हणून फिरत राहण्याचा धोका आहे, चित्र कोणत्या चित्रपटातले हे ठरल्यावाचून त्यातील माणसाला नाव देऊ नये. संभाव्य नोंदी लपवून ठेवू नयेत. त्या तशाच, त्यांच्या दर्जासह, त्या कुटुंबाला आणि संग्रहालयाला लेखी कळवाव्यात, कारण अपुरी राहिलेली बाजू भरून काढणारे छायाचित्र दुसऱ्याच कोणाच्या कपाटात असते. ज्यांच्या घरी १९४५ ते १९६५ या काळातील लग्नाची, नाताळच्या नृत्याची किंवा जिमखान्याच्या समारंभाची छायाचित्रे असतील, त्यांनी ती काढून वधूवरांच्या आणि पाहुण्यांच्या मागे, व्यासपीठावर, कोण बसले आहे ते भिंगाखाली पाहावे आणि ड्रमवर काही लिहिले असेल तर ते अक्षरशः उतरवून घ्यावे.